पॉलिसीपेक्षा मोठा निवाडा : विमा कंपनीविरुद्धच्या दाव्याचा हक्क कॅलिफोर्नियात हस्तांतरित कसा होतो

कॅलिफोर्नियातल्या बहुतेक मोटार पॉलिसींच्या पहिल्या पानावर दोन आकडे छापलेले असतात. एका जखमी माणसामागे कंपनी जास्तीत जास्त किती देईल हा पहिला, आणि एका अपघातामागे एकूण किती देईल हा दुसरा. २०२४ अखेरपर्यंत कायद्याने आवश्यक असलेले हे किमान आकडे १५ हजार आणि ३० हजार डॉलर होते; १ जानेवारी २०२५ पासून ते ३० हजार आणि ६० हजार झाले. ज्यूरी मात्र हे पान पाहून भरपाई ठरवत नाही. समजा पॉलिसीची मर्यादा एक लाख आहे आणि निवाडा ६ लाख ४० हजारांचा झाला, तर उरलेले ५ लाख ४० हजार डॉलर गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर बसतात. त्यावर वर्षाला १० टक्के साधे व्याज चढते, म्हणजे दिवसाला सुमारे १४८ डॉलर. निवाड्याचा उतारा काउंटीच्या नोंदणी कार्यालयात नोंदवला की त्या काउंटीतल्या त्याच्या घरावर बोजा चढतो, आणि पगारातूनही कपात सुरू होऊ शकते.

फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे या पट्ट्यात राहणारी मराठी कुटुंबे या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना असू शकतात, कधी धडक देणाऱ्याच्या तर कधी धडक बसलेल्याच्या. त्यामुळे हा लेख दोघांसाठी आहे. एखाद्या प्रकरणात काय करावे हा सल्ला अर्थातच त्या राज्यात वकिली करणाऱ्यानेच द्यायचा असतो. पण वकिलासमोर बसण्याआधी पायऱ्यांचा क्रम डोक्यात स्पष्ट असला पाहिजे, कारण या विषयातले बहुतेक नुकसान कायदा माहीत नसल्यामुळे होत नाही, तर योग्य कागद अयोग्य वेळी केल्यामुळे होते.

हक्क कोणाचा आणि तोटा कोणाचा

विम्याच्या प्रत्येक करारात सचोटीने आणि न्याय्य रीतीने वागण्याचे एक अलिखित वचन गृहीत धरलेले असते. दायित्व विम्यात, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीबद्दलची विमेदाराची जबाबदारी उचलणाऱ्या विम्यात, बचावाची सगळी सूत्रे कंपनीच्या हातात असतात. वकील ती नेमते आणि तडजोड करायची की नाही हेही तीच ठरवते. म्हणून पॉलिसीच्या मर्यादेत बसणारा वाजवी तडजोडीचा प्रस्ताव आला आणि कंपनीने तो अवाजवीपणे नाकारला, तर पुढच्या वाढीव निवाड्याचा भार तिने उचलावा असा नियम आहे. तिकडे याला ‘बॅड फेथ’ म्हणतात. शब्दावरून वाटते तसा यात कपट सिद्ध करावे लागत नाही. विमेदाराच्या पैशावर जुगार खेळला गेला एवढे दाखवणे पुरते.

अडचण अशी की हे वचन विमेदाराला दिलेले असते, जखमी माणसाला नव्हे. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जखमी पक्षाला विमा संहितेच्या आधारे कंपनीवर थेट दावा करण्याची वाट काही काळ मोकळी केली होती. १९८८ च्या मोराडी-शलाल निकालाने ती बंद झाली. निवाडा हातात असलेला जखमी माणूस विमा संहितेच्या कलम ११५८० खाली कंपनीकडून पॉलिसीच्या मर्यादेपर्यंतचे पैसे थेट मागू शकतो, पण मर्यादेपलीकडचे नाही. म्हणजे पैसे जखमी माणसाला हवे असतात आणि ते कंपनीकडून मागण्याचा हक्क विमेदाराकडे असतो. ही फट बुजवणारा दस्त म्हणजे असाइनमेंट, अर्थात दाव्याच्या हक्काचे हस्तांतरण.

भारतातला कायदा शिकलेल्या माणसाला हे खटकते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६ च्या खंड (ङ) मध्ये केवळ दावा लावण्याचा हक्क हस्तांतरित करता येत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय तिसऱ्या पक्षाच्या मृत्यूसाठी किंवा शारीरिक इजेसाठीच्या मोटार विम्याला आपल्याकडे सामान्यतः रकमेची वरची मर्यादा नसते आणि न्यायाधिकरणाचा निवाडा कंपनीच चुकता करते. त्यामुळे हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच फारसे येत नाही. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचे कलम ९५४ उलट्या टोकाला आहे. मालमत्तेच्या हक्काच्या भंगातून किंवा एखाद्या बंधनातून निर्माण झालेला दाव्याचा हक्क त्याचा मालक दुसऱ्याला हस्तांतरित करू शकतो. ‘कंपनीच्या संमतीशिवाय हस्तांतरण करता येणार नाही’ असे पॉलिसीत छापलेले असले, तरी नुकसान घडून गेल्यानंतरच्या हस्तांतरणाला ती अट आड येत नाही. विमा संहितेचे कलम ५२० तशी अट निरर्थक ठरवते आणि २०१५ च्या फ्लुओर निकालाने ते दायित्व विम्यालाही लागू असल्याचे सांगितले.

ही वाट पहिल्यांदा ठळक झाली ती १९५८ च्या कम्युनाल विरुद्ध ट्रेडर्स या खटल्यात. पादचारी मार्गावर एका जोडप्याला ट्रकची धडक बसली. चालकाची पॉलिसी माणशी १० हजार डॉलरची होती, पण ट्रक त्याच्या मालकीचा नाही म्हणून कंपनीने बचाव करायलाच नकार दिला. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी ४ हजारांत मिटवण्याचा प्रस्ताव आला, तोही तिने नाकारला. ज्यूरीने पतीला २५ हजार दिले. त्याने आधी पॉलिसीची रक्कम वसूल केली, मग चालकाकडून त्याचे कंपनीविरुद्धचे सगळे हक्क लिहून घेतले आणि उरलेल्या रकमेसाठी स्वतः दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. ४ हजार वाचवू पाहणाऱ्या कंपनीला शेवटी पूर्ण निवाडा भरावा लागला.

पहिली पायरी : मागणीपत्र

हस्तांतरणाची चर्चा निवाड्यानंतर सुरू होते, पण त्या हस्तांतरणाला किंमत असेल की नाही हे बरेच आधी, जखमी पक्षाच्या वकिलाने कंपनीला पाठवलेल्या पत्रात ठरून गेलेले असते. कंपनीला नाकारण्यासारखा वाजवी प्रस्ताव कधी मिळालाच नसेल, तर विमेदाराकडे देण्यासारखा हक्क जन्मालाच येत नाही.

१ जानेवारी २०२३ पासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९९९ आणि त्यापुढील कलमांनी या पत्राचा साचा ठरवून दिला आहे. दावा दाखल होण्यापूर्वी, मोटार, घरमालक किंवा व्यावसायिक जागेच्या दायित्व पॉलिसीवर, वकिलामार्फत पाठवलेल्या मुदतीच्या मागणीपत्राला तो लागू होतो. ते पत्र मुदतीची मागणी असल्याचे त्यात लिहिलेले असावे. उत्तरासाठी ई-मेल किंवा सर्टिफाइड टपालाने पाठवल्यास किमान ३० दिवस आणि साध्या टपालाने पाठवल्यास किमान ३३ दिवस द्यावेत. अपघाताची तारीख आणि ठिकाण, माहीत असल्यास क्लेम क्रमांक, ठाऊक असलेल्या सगळ्या दुखापतींचे वर्णन आणि त्यांचा वाजवी पुरावा जोडावा. मर्यादेच्या आत सगळे दावे, रुग्णालयाच्या व अन्य लीनसह (भरपाईतून आपले बिल वसूल करण्याच्या हक्कांसह), मिटवण्याचा निःसंदिग्ध प्रस्ताव असावा. आणि कंपनीच्या विमेदारांना आजच्या व उद्याच्या सगळ्या दायित्वातून पूर्ण मुक्तता देऊ केलेली असावी.

‘विमेदारांना’ या अनेकवचनावर मी मुद्दाम बोट ठेवतो. एका फायलीतले मागणीपत्र मी वाचले होते. दीड पान, नेटके, मणक्याच्या शस्त्रक्रियेचे बिल आणि एमआरआयचा अहवाल जोडलेला, मुदत ३५ दिवसांची. शेवटच्या परिच्छेदात लिहिले होते की रक्कम मिळताच आमचे अशील चालकाला सर्व दाव्यांतून मुक्त करतील. गाडी मात्र चालकाच्या आणि त्याच्या पत्नीच्या संयुक्त नावावर होती आणि पॉलिसीवर दोघांची नावे होती. कंपनीने ३४ व्या दिवशी उत्तर दिले की एका विमेदाराला सोडवून दुसऱ्याला वाऱ्यावर सोडणारा प्रस्ताव आम्हाला स्वीकारता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांनी कंपनीची ही भूमिका मान्य केलेली आहे. पत्नीचे नाव घालायला तीन शब्द लागले असते.

विमेदाराच्या बाजूने या टप्प्यावर एकच काम असते, पण ते टाळू नये. असे पत्र आल्याचे कळताच कंपनीला लेखी कळवावे की मर्यादेत तडजोड व्हावी अशी माझी इच्छा आहे, आणि मर्यादेपलीकडे निवाडा झाला तर त्याची जबाबदारी मी कंपनीवर ठेवीन. तोंडी सांगितलेले क्लेम अधिकाऱ्याच्या नोंदीत येईलच असे नाही. त्याच सुमारास स्वतःचा वेगळा वकील गाठावा. कंपनीने नेमलेला वकील अपघाताच्या खटल्यात विमेदाराचाच वकील असतो आणि बहुधा प्रामाणिकही असतो, पण ज्या कंपनीकडून त्याला काम मिळते तिच्याविरुद्धचा हक्क कोणाला कसा द्यावा, हे त्याला विचारणे त्याच्यावरही अन्याय आहे.

दुसरी पायरी : निवाडा होऊ देणे

इथे सगळ्यात जास्त प्रकरणे फसतात. कंपनीने प्रस्ताव नाकारला की दोन्ही पक्षांना वाटते, आता खटला कशाला चालवायचा. विमेदार ३० लाखांचा निवाडा कबूल करेल, जखमी पक्ष त्याच्या घराला हात लावणार नाही असे लिहून देईल, आणि हक्क घेऊन थेट कंपनीला गाठेल. २००२ च्या हॅमिल्टन विरुद्ध मेरीलँड कॅझ्युअल्टी या खटल्यात नेमके असेच झाले होते. निवाडा ३० लाखांचा, संमतीचा, आणि विमेदाराने त्यातला छदामही भरायचा नाही असे ठरलेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनी बचाव करत असताना तिच्या सहभागाशिवाय झालेला आणि विमेदाराला प्रत्यक्षात काहीच भरायला न लावणारा असा निवाडा म्हणजे विमेदाराचे झालेले नुकसान नव्हे. जे नुकसान झालेच नाही, त्याची भरपाई मागण्याचा हक्क दुसऱ्याला देता येत नाही.

म्हणून कंपनी बचाव करत असेल, तर खटला प्रत्यक्ष चालून मर्यादेपेक्षा मोठा निवाडा लागेपर्यंत थांबावे लागते. त्याआधी केलेले हस्तांतरण आपोआप रद्दबातल होत नाही, पण असा निवाडा येईपर्यंत ते चालवता येत नाही, आणि विमेदाराने घाईने केलेल्या कराराकडे कंपनी सहकार्याच्या अटीचा, म्हणजे बचावात कंपनीला साथ देण्याच्या पॉलिसीतल्या अटीचा, भंग म्हणून बोट दाखवते. विमेदारासाठी हा काळ वाईट असतो. वर्ष-दीड वर्ष डोक्यावर टांगती तलवार असते आणि आपले घर वाचवायचा कागद पुढ्यात असूनही वकील सही करू देत नाही. तरीही क्रम हाच आहे.

कंपनीने बचाव करायलाच नकार दिला असेल, तर चित्र पालटते. विमेदाराला वाऱ्यावर सोडणारी कंपनी नंतर त्याला सहकार्याच्या अटीची आठवण करून देऊ शकत नाही. अशा वेळी विमेदार खटल्यापूर्वीही वाजवी तडजोड करू शकतो, आणि १९९५ च्या प्रुइन निकालानुसार संमतीच्या निवाड्याची रक्कम कंपनीविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. संगनमताने आकडा फुगवला गेला हे दाखवण्याची जबाबदारी मग कंपनीवर येते. तो आरोप टिकू नये म्हणून आकड्याला आधार ठेवावा लागतो : वैद्यकीय बिले, बुडालेल्या मिळकतीचा हिशेब, आणि शक्य असल्यास न्यायाधीशासमोर पुरावा मांडून घेतलेला निर्णय.

तिसरी पायरी : दस्त

आता प्रत्यक्ष कागद. मथळ्यात दोन्ही पक्षांची नावे, खटल्याचा क्रमांक, निवाड्याची तारीख आणि रक्कम, पॉलिसी क्रमांक आणि कंपनीने किती भरले व किती उरले, हे हवेच. महत्त्वाची गोष्ट त्यापुढे येते, ती म्हणजे काय दिले आणि काय राखून ठेवले.

देता येते ते आर्थिक नुकसान : मर्यादेपलीकडचा निवाडा, त्यावरचे व्याज, आणि पॉलिसीखालचे देय मिळवण्यासाठी करावा लागलेला वकिलाचा खर्च. या शेवटच्या बाबीवर बराच काळ वाद होता. १९८५ च्या ब्रँट निकालाने विमेदाराला हा खर्च मिळवून दिला होता. तो हक्क विकत घेणाऱ्यालाही मिळतो हे २००६ च्या एसेक्स विरुद्ध फाइव्ह स्टार डाय हाउस निकालाने ठरवले. देता येत नाही ते विमेदाराच्या स्वतःच्या देहामनाशी जोडलेले : मानसिक त्रासाची भरपाई आणि दंडात्मक भरपाई. १९७६ च्या मर्फी विरुद्ध ऑलस्टेट निकालापासून ही विभागणी पक्की आहे.

मानसिक त्रास ही किरकोळ बाब नव्हे. १९६७ च्या क्रिस्की खटल्यात विमेदार ७० वर्षांची स्थलांतरित विधवा होती. तिच्या इमारतीच्या जिन्यावरून पडलेल्या भाडेकरूने १० हजारांच्या पॉलिसीत ९ हजारांवर मिटवायची तयारी दाखवली, विधवेने त्यातले २,५०० स्वतः भरायचीही तयारी दाखवली, आणि कंपनी ३ हजारांपुढे गेली नाही. निवाडा १ लाख १ हजारांचा झाला. तिने भाडेकरूंना २२ हजार रोख, एका मालमत्तेवरच्या आपल्या दाव्यातला ४० टक्के हिस्सा आणि कंपनीविरुद्धचा हक्क देऊन सुटका करून घेतली. पुढे लोकांची मुले सांभाळून ती दिवस काढत होती आणि घरभाडे नातवंडे भरत होती. न्यायालयाने ९१ हजारांच्या वाढीव रकमेबरोबर तिच्या मनस्तापाचे २५ हजार वेगळे मंजूर केले.

या विभागणीचा व्यावहारिक परिणाम असा की एकाच कृत्यातून निघालेला हक्क दोन माणसांकडे राहतो, आणि कायद्याला दाव्याचे तुकडे करून दोनदा न्यायालयात आलेले चालत नाही. विमेदाराला मनस्तापाची आणि दंडात्मक भरपाई मागायची असेल, तर त्याने आणि हक्क घेणाऱ्याने एकाच दाव्यात वादी म्हणून यावे, आणि तसे दस्तातच लिहून ठेवावे. जमा होणाऱ्या रकमेची वाटणीही तिथेच ठरवावी. पैसे आल्यावर मनाचा मोठेपणा टिकतोच असे नाही.

या बदल्यात विमेदाराला काय मिळते? इथे एक शब्द सगळ्यावर पाणी फिरवू शकतो. जखमी पक्षाने विमेदाराला मुक्तिपत्र लिहून देऊ नये. मुक्तिपत्राने विमेदाराचे देणेच संपते, आणि देणे संपले की ‘कंपनीमुळे हे देणे माझ्या डोक्यावर आले’ असे म्हणायला जागा राहत नाही. त्याऐवजी दरखास्त न लावण्याचा करार करावा : निवाडा कायम राहील, देणे कायम राहील, पण त्याच्या वसुलीसाठी विमेदाराच्या घरावर, पगारावर किंवा बँक खात्यावर जखमी पक्ष जाणार नाही. काउंटीत नोंदवलेला बोजा केव्हा उतरवायचा हे त्यात स्पष्ट हवे, नाहीतर घराचे कर्ज फेरफायनान्स करताना विमेदाराला तो अचानक दिसतो. आणि निवाडा चुकता झाल्याची नोंद न्यायालयात चुकूनही दाखल होता कामा नये.

विमेदाराचे सहकार्य हे उरलेले मोठे कलम. बॅड फेथचा खटला हा मूळ अपघाताचा नसतो, कंपनीच्या कारभाराचा असतो. म्हणून क्लेम अधिकाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार, ई-मेल, फोनच्या तारखा आणि विमेदाराची साक्ष यांवर तो उभा राहतो. बचावाच्या वकिलाशी झालेल्या गोपनीय संवादाचे संरक्षण हस्तांतरणासोबत आपोआप पलीकडे जात नाही. ते विमेदाराचेच राहते आणि किती उघडे करायचे हे त्याने ठरवायचे असते. ‘खरी साक्ष देईन’ एवढेच वचन त्यात असावे. ‘अमुक असे सांगेन’ असे काही लिहिले गेले, तर कंपनीच्या वकिलाला संगनमताचा पुरावा आयता मिळतो. सहकार्य न केल्यास दरखास्तीपासूनचे संरक्षण जाईल का, आणि कंपनीविरुद्धचा दावा हरला तर विमेदाराचे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे दस्तात नसतील तर विमेदाराने सही करू नये.

कंपनीने नेमलेला वकील माझ्या बचावात कमी पडला, म्हणून त्याच्याविरुद्धचा हक्कही देऊन टाकावा असे काहींना सुचते. तो देता येत नाही. वकिलाच्या निष्काळजीपणाचा दावा कॅलिफोर्नियात हस्तांतरित होत नाही.

दिवाळखोरी आणि मुदत

विमेदाराने निवाड्यानंतर दिवाळखोरीचा अर्ज केला असेल, तर कंपनीविरुद्धचा हक्क त्याच्या हातातून निघून, दिवाळखोराची मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्ताच्या ताब्यात गेलेला असतो. त्यानंतर विमेदाराकडून लिहून घेतलेल्या कागदाचा उपयोग नाही. हक्क विश्वस्ताकडून, न्यायालयाच्या मंजुरीने विकत घ्यावा लागतो. सही घेण्यापूर्वी फेडरल न्यायालयाच्या नोंदी पाहणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

मुदत मोजताना दोन घड्याळे चालतात. करारभंग म्हणून लावलेल्या दाव्याला चार वर्षे मिळतात, अपकृत्य (टॉर्ट, म्हणजे कराराबाहेरचा दिवाणी अन्याय) म्हणून लावलेल्याला दोन. तडजोड नाकारल्याच्या प्रकरणात मोजणी मोठा निवाडा अंतिम झाल्यापासून सुरू होते. हक्क घेणाऱ्याला नवी मुदत मिळत नाही. विमेदाराच्या घड्याळात जेवढी उरली असेल तेवढीच त्याची. दोन वर्षांच्या आत दावा लावला तर दोन्ही आधार हातात राहतात.

दस्तावर सह्या झाल्या की कंपनीला त्याची लेखी सूचना आणि प्रत पाठवावी, त्याच पत्रात वाढीव रकमेची मागणी करावी आणि क्लेमची संपूर्ण फाइल जपून ठेवण्यास सांगावे. दावा राज्याच्या सुपीरियर कोर्टात दाखल होतो. कंपनी दुसऱ्या राज्यातली असेल तर ती तो फेडरल न्यायालयात नेण्याची शक्यता मोठी, त्याची तयारी ठेवावी.

हे सगळे कॅलिफोर्नियापुरते आहे. टेक्सासमध्ये तडजोड नाकारण्याचा सिद्धांत १९२९ च्या स्टोवर्स निकालापासून आहे, पण १९९६ च्या गँडी निकालाने खटला खऱ्या अर्थाने लढवला जाण्यापूर्वी केलेली अनेक हस्तांतरणे अवैध ठरवली. डॅलस किंवा ह्यूस्टनमधल्या नातेवाइकाला हा लेख पाठवायचा असेल, तर वरच्या पायऱ्या जशाच्या तशा वापरू नकोस हेही त्याला सोबत लिहावे.